रानातला रस्ता

राहुरीजवळ ओढ्यावरचा सरकारी पूल खचला, तेव्हा एका शेतकऱ्यानं आपल्या रानातून मुरमाचा रस्ता काढला. तोंडाशी बांबू आडवा लावून तो गाडीमागे चार आणे घेई. मी दरवेळी त्याच्याशी भांडायचो.

एका दुपारी बायकोला कळा सुरू झाल्या. बैलगाडी तिथवर आणली, तर खिसा रिकामा. त्यानं सावकाश बिडी विझवली आणि गाडीत वाकून पाहिलं.

"पैसे उद्या देतो," मी म्हणालो.

त्यानं बांबू उचलला. "हळू हाका. बाईला हादरे बसत्याल." मग पुढं जाऊन त्यानं खड्ड्यात मुरमाची पाटी ओतली.

मुलगी सुखरूप झाली. तरी धास्ती जाईना. तो नसता तर रस्ताच नव्हता. आणि तो नाही म्हणाला असता, तरीही नव्हता.