वाघमारे मॅडम आणि माझा अर्धा सेकंद

आमच्या नांदेडच्या ऑफिसात कुणी 'फास्ट' हा शब्द उच्चारला, की वाघमारे मॅडमच्या चेहऱ्यावर दुधात माशी दिसल्यासारखा भाव यायचा. "चालतंय नं? मग हात लावू नका," एवढंच म्हणायच्या आणि पुन्हा कामाला लागायच्या.

त्या मूळच्या अहमदपूरच्या. आमची कंपनी गावोगावच्या रक्त तपासणाऱ्या लॅबसाठी प्रोग्राम बनवायची. मी तो लिहायचो. मॅडम तो तपासायच्या आणि एसटीने धर्माबादपासून इस्लापूरपर्यंत जाऊन लॅबवाल्यांना शिकवायच्या. मी काही बदललं, की त्यांना सगळं पहिल्यापासून करून बघावं लागे. "तुमची एक ओळ, कुलकर्णी, माझा आठवडा खाती," असं त्या म्हणत. मला तो आळस वाटे. आज हे लिहिताना माझीच किळस येते.

पेशंटची यादी दरवेळी मुख्य कॉम्प्युटरवरून नव्याने मागवण्याऐवजी सकाळी एकदाच आणून ठेवायची, अशी एक सुधारणा मी केली. पान अर्धा सेकंद लवकर उघडू लागलं. मी ते कौतुकाने दाखवलं, तेव्हा मॅडम मला इस्लापूरच्या लॅबमध्ये घेऊन गेल्या. तिथे नोकरीला असलेले शेखभाई एकटेच सगळं बघत. रक्त घेत, नळीवर नाव लिहीत, रडणाऱ्या पोराला गप्प करत आणि मग हात पुसून कॉम्प्युटरकडे वळत. तोवर पान केव्हाच उघडलेलं असे.

"बघा," मॅडम म्हणाल्या, "मशीनच माणसाची वाट बघून राहिली. तुमचा अर्धा सेकंद कुणाला पाहिजे हाय?"

मला ते दिसलं, कळलंही. तरी परत आल्यावर मी ती सुधारणा आमच्या कंपनीच्या मालकांपुढे ठेवली, कारण मला शाबासकी हवी होती. मॅडमनी तपासायला आठ दिवस मागितले. "एवढ्याशा बदलाला आठ दिवस?" मालक हसले. मीही हसलो. बदल त्याच संध्याकाळी सगळ्या लॅबमध्ये गेला.

चौथ्या दिवशी शेखभाईंनी यादीत मध्येच एक नवं नाव घातलं. पण आणून ठेवलेली यादी जुनीच होती, तिच्यात ते नाव नव्हतं. तपासणीचे आकडे एक ओळ सरकले आणि एका गरोदर बाईच्या नावाखाली दुसरीचा रिपोर्ट छापला गेला. तिला रक्ताची गरज होती, कागद म्हणत होता सगळं ठीक आहे. ती घरी गेली आणि दोन दिवसांनी अंगणात कोसळली. नांदेडला आणून रक्त चढवलं. ती वाचली, पोटातलं बाळ गेलं.

हे कळलं त्याच दुपारी मी तो बदल काढून टाकला. प्रोग्राम हळू झाला, असं सांगायला एकाही लॅबमधून फोन आला नाही.

खरी घाण पुढे आहे. चूक लॅबमधल्या माणसाची, असं लॅबला पाठवायचं पत्र मालकांनी तयार केलं. खाली माझी सही हवी होती. मी केली. शेखभाईंची नोकरी गेली. मॅडमनी त्या पत्राची प्रत वाचली, दोन बोटांत धरून माझ्या टेबलावर ठेवली आणि साबणाने हात धुऊन आल्या. मग स्वतःचं पत्र लिहायला बसल्या. चूक आमच्या प्रोग्रामची आहे, बदल न तपासता पाठवला होता, असं त्यांनी लॅबला आणि दवाखान्याला कळवलं. दुसऱ्या कागदावर राजीनामा लिहिला.

मॅडम अहमदपूरला निघाल्या त्या दिवशी मी स्टँडवर गेलो. माझाही नाइलाज होता, असं काहीतरी पुटपुटलो.

"शेखभाईला फोन केला का?" त्यांनी विचारलं.

"अजून नाही."

"आन् त्या बाईच्या घरी गेलाव का?"

मी त्यांची बॅग उचलायला वाकलो, तशी त्यांनी ती स्वतःकडे ओढली.

"मग माझ्यापाशी कशाला आलाव? माझं काय गेलंय?"

त्या गाडीत चढल्या, खिडकीपाशी बसल्या. माझ्याकडे पाहिलं नाही. शेजारच्या फलाटावर इस्लापूरची गाडी उभी होती. मी ती जाऊ दिली.