बाबांच्या डोळ्यातली गोल कड

‘पथ्य मोडलं असेल’ हे तीन शब्द कुणी उच्चारले की आजही माझं डोकं फिरतं. डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि पुढे काही बिघडलं, की आमच्याकडे दोष आधीच ठरलेला असतो, तो पेशंटचा. डॉक्टरचा नाही, आत बसवलेल्या भिंगाचा तर नाहीच. भिंगाभिंगांत फरक असतो हेच मुळी कुणाच्या गावी नसतं. माझ्याही नव्हतं, आणि मी गोंदियातल्या एका शाळेत दहावीला विज्ञान शिकवते. भिंगांचा धडा दरवर्षी फळ्यावर आकृत्या काढून शिकवते.

माझे बाबा सौंदडजवळच्या एका गावात धानाची शेती करतात. त्यांचा डावा डोळा लहानपणीच गेला, मळणीत धानाचं कुसळ घुसून. सगळं आयुष्य त्यांनी उजव्या डोळ्यावर काढलं. त्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला तेव्हा गावात शिबिराची गाडी आली आणि इतरांबरोबर त्यांनाही घेऊन गेली. ऑपरेशन छान झालं. पट्टी निघाल्यावर माझ्याकडे नीट निरखून म्हणाले, “बाई, तू तं म्हातारी दिसून राहिली.” आम्ही सगळे हसलो.

मग पथ्य सुरू झालं. चाळीस दिवस डोक्यावरून पाणी नाही, चुलीपुढे बसणं नाही, आंबट नाही, वांगं नाही, मासोळी नाही. यातलं निम्मंही डॉक्टरांनी सांगितलेलं नव्हतं. बाकीचं गावानं भरलं आणि मी मुकाट्यानं मान्य केलं. अठराव्या दिवशी घरी गेले, तर बाबा बोडीतल्या, म्हणजे गावच्या छोट्या तळ्यातल्या, ताज्या झिंग्यांची भाजी भातावर ओतून चापत बसलेले. मी ताट ओढलं नाही एवढंच.

“एकच डोळा आहे बाबा तुमचा! तोही घालवाचा आहे का?” मी ओरडले. त्यांनी हातातला घास खाली ठेवला.

दीड वर्षानं त्यांना अंधुक दिसायला लागलं. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. ते कळलं निंदणाच्या वेळी. सावा नावाचं गवत कोवळं असताना हुबेहूब धानासारखं दिसतं, पान खोडाला जिथं चिकटतं तिथं पाहून ते ओळखावं लागतं. बाबा पन्नास वर्षं ते ओळखत आले होते. त्या पावसाळ्यात त्यांनी भलामोठा पट्टा निंदला. धान उपटून धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर फेकलं, आणि सावा जपून उभा ठेवला. निंदणाऱ्या बाया पोट धरून हसल्या. माझ्या भावानं त्यांना सर्वांसमोर बांधीबाहेर, म्हणजे धानाच्या त्या खाचराबाहेर काढलं आणि मला फोन लावून त्यांच्या हातात दिला.

“मले धुकं पडल्यावानी दिसून राहिलं,” बाबा म्हणाले.

“आता कायले सांगता? झिंगे खाल्ले तेव्हा नाही समजलं?”

हे मी बोलले. विज्ञानाची बाई.

त्यानंतर वर्षभर मी दवाखान्यात चला म्हणत राहिले आणि ते टाळत राहिले. आज कापणी आहे, उद्या पाहुणे आहेत, सणानंतर पाहू. दिवसभर पडवीत बसून असायचे. दारातून कोण आलं ते पावलांवरून ओळखायचा प्रयत्न करायचे आणि बरेचदा चुकायचे. मला वाटलं, म्हातारा हट्टी झालाय.

शेवटी एका सकाळी ऑटो घेऊन गेले आणि त्यांना जवळपास उचलूनच गोंदियाला आणलं. डोळ्यांची डॉक्टर तरुण मुलगी होती. बाहुली मोठी करणारे थेंब टाकून तिनं बाबांची हनुवटी यंत्रावर टेकवली आणि बराच वेळ पाहिलं.

“काका, मोतियाबिंद वापस नहीं आया,” ती म्हणाली आणि माझ्याकडे वळून मराठीत समजावू लागली. मोतीबिंदू काढतात तेव्हा त्याची पातळ पिशवी आतच ठेवतात आणि नवं भिंग तिच्यात बसवतात. पिशवीत थोड्या पेशी चिकटून राहतात. त्या हळूहळू सरकत भिंगाच्या मागे जातात आणि तिथला पडदा गढूळ करतात. “भिंगाची कड काटकोनात कापलेली असेल तर पिशवी तिच्यावर घट्ट बसते आणि पेशी तिथंच अडतात. गोल कडेवरून त्या सहज मागे जातात. यांच्या भिंगाची कड गोल आहे.”

बाबांची हनुवटी अजून यंत्रावरच होती. तसेच म्हणाले, “म्हंजे धुरा उभा तासला नाही.”

डॉक्टरला कळलं नाही. रोवणीच्या आधी आमच्याकडे धुऱ्याच्या दोन्ही बाजू फावड्यानं सरळ उभ्या तासतात. उतार राहिला तर वरचं गवत रांगत बांधीत उतरतं. मी तिला हे सांगू लागले आणि सांगता सांगता माझा आवाज चढला. हा माणूस जन्मभर धुरे तासत आला, आणि त्याच्या एकुलत्या एका डोळ्यात कोणत्या कडेचं भिंग घालतोय हे त्याला एका शब्दानं कुणी विचारलं नाही, सांगितलं नाही! फुकटात मिळतंय ना, मग गप बसा.

“उभ्या कडेचं असतं तर हे झालंच नसतं?” मी विचारलं.

“तसं नाही म्हणता येणार. कमी जणांना होतं, उशिरा होतं. भिंग कशाचं बनलंय त्यावरही असतं. पण मॅडम, पडदा येऊ शकतो हे शिबिरात सांगायला हवं होतं. लेझरनं निघतो. पाचेक मिनिटांचं काम आहे.”

पाच मिनिटं! मी शिबिराचं कार्ड पर्समधून काढलं. भिंगाच्या नंबराचं स्टिकर होतं, ‘डोक्यावरून आंघोळ करू नये’ होतं, ‘डोळा चोळू नये’ होतं. पडद्याबद्दल अक्षर नव्हतं. ते कार्ड फाडून टाकावंसं वाटलं.

लेझर त्याच दुपारी झालं. थोड्या वेळानं बाबांनी भिंतीवरच्या तक्त्यातली अक्षरं खालच्या ओळीपर्यंत वाचली. मग डॉक्टरला म्हणाले, “एक काम करजो बाई. पथ्यानं नाही झालं, असं कागदावर लिहून दे. झिंग्याचंही लिहिजो.”

ती हसली, पण तिनं लिहिलं. बाबांनी कागद घेतला आणि माझ्या हातात दिला.

“वाच.”

मी मनात वाचला. त्यांनी मोठ्यानं वाचायला सांगितलं. बाकावरच्या सगळ्या पेशंटसमोर मी तो वाचला.

“बाबा, मग वर्षभर दवाखान्यात काऊन नाही आले?” मी विचारलं.

“डोळा मीच खाल्ला म्हणून दवाखान्यात कोणत्या तोंडानं येऊ?” ते म्हणाले. “गाव तं काहीही बोलते. पण तू शाळेत शिकवते. मी तुझं खरं मानलं.”