गाठींची दोरी आणि पूल

होडीच्या तळाशी पाणी साचतं, तसे आमच्याकडे किस्से साचतात. कितीही उपसा, पुढच्या रविवारी तेवढेच! आम्ही म्हणजे बेंगळुरूच्या महादेवपुऱ्यात नोकरी करणारे सात-आठ मराठी लोक आणि यशवंतपूरचे लाकूडव्यापारी अण्णा. शहरापासून दोन तासांवर, एका धरणाच्या पाण्यात अण्णांची शिडाची होडी असते. डोलकाठी त्यांनी स्वतः रंधा मारून केलेली. थोडं पुढे एक पूल आहे. ती डोलकाठी त्याखालून जाईल का, यावर आमची निम्मी भांडणं.

*

धरण भरतं तसं पुलाखालचं अंतर कमी होतं. म्हणून अण्णा दर वेळी पुलावरून दगड बांधलेली दोरी पाण्यापर्यंत सोडतात आणि फुटाफुटावरच्या गाठी बोटांनी मोजतात. मला हे बघवेना. मी ऐटीत लेझर मीटर काढला. पाण्यावर त्याने आधी एरर दाखवला, मग पुलाची उंची अडतीस मीटर! अण्णांनी दोरी माझ्या हातात दिली.

*

आमच्यातल्या समीरने एकदा डोलकाठी जमिनीवर आडवी ठेवून मोजली. म्हणे, "फूटभर जागा उरते, चला!" अण्णांनी विचारलं, "आणि होडी पाण्यावर दोन फूट असते, ती?"

सहा फुटी समीरला आम्ही अजून 'दोन फूट' म्हणतो.

*

होडीवर एक नियम आहे. सुकाणू धरणाऱ्याने वर बघायचं नाही. दुसऱ्याने डोलकाठीपाशी उताणं पडून टोक बघायचं आणि 'सरी', म्हणजे ठीक, असं ओरडायचं. हे काम अण्णांच्या बायकोचं, अक्कांचं. अक्का गेल्यापासून तीन वर्षं अण्णा दोरीने मोजूनही पुलाआधीच होडी वळवायचे.

एकदा मी वैतागले. "मी म्हणते ना सरी!"

"तू गणित करून म्हणतेस," अण्णा म्हणाले. "ती बघून म्हणायची."

*

यंदा डॉक्टरांनी सांगितलं, काचबिंदूने नजर चाललीय, होडी आता बंद. अण्णांना त्याआधी एकदा पुलापलीकडे जायचं होतं. धरण काठोकाठ भरलेलं. मी दोरी मागितली, तर म्हणाले, "मोजू नकोस. आज तू बघ."

मी उताणी पडले. खालून डोलकाठी थेट पुलात घुसताना दिसत होती. आमच्या भांडणांतली तीच डोलकाठी! अण्णा धूसर नजर समोर लावून सुकाणू सरळ धरून बसलेले.

"बोल गं."

मग टोक आणि काँक्रीट यांच्यामध्ये वीतभर आभाळ दिसलं.

"सरी," मी म्हटलं. आवाज माझा वाटला नाही.

पुलाची गार सावली अंगावरून गेली आणि पलीकडे ऊन आलं.

काठावर आल्यावर शीड बांधायला मी त्यांची प्लॅस्टिकची पिशवी उघडली. आत आदल्या दिवशीचं, धरणापर्यंतचं बसचं तिकीट होतं, आणि गाठींची दोरी अजून ओली होती.