लखनौचं धुकं आणि प्लाझ्मातले एकांडे ठोके

माझा संशोधनाचा पेपर बापटसरांच्या होकारावाचून अडला होता. मेलला उत्तर नाही, फोनवर नुसतं ‘बघतो गं’. शेवटी वैतागून मीच पुण्याहून लखनौची गाडी पकडली.

थंडीत जाणार असाल तर एक दिवस हाताशी जास्त ठेवा. धुक्यामुळे आमची गाडी शेतात तासन्‌तास उभी, आणि चहावाल्याकडचा चहाही संपलेला. सर राहतात त्या जानकीपुरमपर्यंत मेट्रो जात नाही. कॅबवाला दोनदा रस्ता चुकला आणि वर मलाच पत्ता नीट सांगा म्हणाला.

बापटसर माझे गाईड. लखनौला शिकवायला गेले ते तिथलेच झाले. मुलगी इरा हिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत. सर आंघोळीला गेले तेव्हा तिला विचारलं, बाबांनी माझा पेपर उघडला तरी का?

“पापा ने तो कब का पढ़ लिया, दीदी.”

माझं डोकंच फिरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर मला ‘चौक’ नावाच्या जुन्या बाजारात मक्खन मलाई, म्हणजे थंडीत मिळणारी दुधाच्या फेसाची मिठाई, खायला घेऊन गेले. (लवकर जा, उन्हं चढली की संपते. ई-रिक्षा अलीकडेच सोडा; आम्ही सोडली नाही आणि गल्लीत अडकलो.) तिथेच, रिक्षात बसल्या बसल्या, मी विषय काढला.

माझं काम प्लाझ्मावर, म्हणजे विद्युतभारित कणांच्या वायूवर. अवकाशयानाच्या अँटेनांना त्यात अधूनमधून विद्युतक्षेत्राचा एकच ठोका जाणवतो: वर, मग खाली, मग शांत. आकार न मोडता सरकणारी एकटी लाट. माझा अख्खा प्रबंध अशा ठोक्यांवर उभा.

“लाट सरकत असेल, तर आधी एका अँटेनाला लागेल, मग दुसरीला,” सर म्हणाले. “तुझे बरेच ठोके दोन्हींवर एकाच क्षणी आहेत. यानावर धुळीचा कण आदळला तरी असंच दिसतं.”

“मग मेलवर का नाही कळवलंत?”

“लिहायला बसायचो आणि उठायचो. तुझा प्रबंध आहे गं.”

इतका संताप आला होता, आणि तो काढायला समोर हा ओशाळलेला माणूस. मक्खन मलाई मी खाल्ली, पण चव विचाराल तर सांगता येणार नाही.

पुण्याला परतून प्रत्येक ठोका पुन्हा तपासला. बहुतेक गळाले. एक प्रकरण गेलं, पदवी लांबली, घरी सगळ्यांना समजावून थकले. सरांवरचा राग अजून पुरता गेलेला नाही. पण जे मूठभर उरलेत, ते एका अँटेनाकडून दुसरीकडे खरोखर सरकतात. काल तेवढेच सरांना पाठवले. तासाभरात उत्तर आलं.