मम्मींच्या शेजारी बसले, तो रविवार

माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता, हे आधीच सांगते. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. रिपोर्टमध्ये दिसेल तेवढंच खरं मानणारी. माहेर पिंपळगाव बसवंतचं, द्राक्षवाल्यांचं, हिंदू. लग्न केलं नाशिकच्या ख्रिस्ती घरात. पण सासूबाईंनी — मी त्यांना मम्मीच म्हणते — आठ वर्षांत एकदाही 'पूनम, चर्चला चल' म्हटलं नाही. रविवारी मी त्यांना स्कूटीवरून सोडायचे आणि बाहेर मोबाइल बघत बसायचे.

गेल्या वर्षी सातव्या महिन्यात माझं बाळ पोटातच गेलं. मुलगी होती. "बघू नकोस, त्रास होईल," घरचे सगळे म्हणाले. मी बघितलं नाही... रडलेही नाही. चार महिने नुसती कामावर जात राहिले.

मग एका रविवारी ऊन फारच होतं, म्हणून आत मम्मींच्या शेजारी जाऊन बसले. गीत झालं. पाळकसाहेबांनी सगळ्यांना मनातल्या मनात प्रार्थना करायला सांगितली. मी फक्त डोळे मिटले. मागितलं काहीच नाही.

आणि माझ्या हातांवर वजन आलं.

झोपलेल्या बाळाचं असतं ना, तसं उबदार, सैल वजन. भीती अजिबात वाटली नाही. समोर कोणीतरी उभं आहे आणि त्याला माझं सगळं ठाऊक आहे, एवढंच जाणवलं. किती वेळ गेला कोण जाणे... मग मानेखाली हात घालून कोणीतरी ते अलगद उचलून घेतलं.

तेवढ्यात शेजारून मम्मी पुटपुटल्या, "हळू... झोपलीये ती."

मी दचकून बघितलं. त्यांचे डोळे मिटलेलेच! आणि मग मला जे रडू फुटलं — मम्मींचा पदर भिजून गेला.

बाहेर आल्यावर विचारलं, "मम्मी, 'हळू' कुणाला म्हणालात?"

"मी कुठे काय बोलले? मनात प्रभूला म्हणत होते, माझ्या पूनमला सांभाळ. चल, आधी मिसळ खाऊ. चेहरा बघ कसा झालाय!"

नंतरही दोनदा विचारलं. उत्तर तेच. नवरा म्हणतो, मनाचे खेळ असतात. असतीलही. पण माझ्या मनातलं मम्मींच्या ओठांवर कसं आलं, हे मला आजही सांगता येत नाही.

त्या दुपारी मी पहिल्यांदा म्हणाले, "आपण तिचं नाव ठेवू या."

मम्मींनी ठेवलं. कृपा.