सडक्या संत्र्याचा न्याय

या लेखिकेची आणि कौसल्याबाईंची ओळख हुडकेश्वरच्या प्रौढ साक्षरता वर्गात झाली. दोघी एकाच सतरंजीवर बसून बाराखडी गिरवीत.

कौसल्याबाई दिवसा कळमन्याच्या बाजारात संत्री निवडत. नरम फळ हाताला लागले की बाहेर काढायचे, म्हणजे उरलेला ढीग चांगला राहतो, हा तेथील बायकांचा रोजचा न्याय. तोच त्यांनी शरीरालाही लावून टाकला होता. पाळीत रक्ताच्या गाठी पडल्या म्हणजे घाण निघून गेली, असे साऱ्याजणी समजत.

म्हणून सून वंदना गाठींविषयी कुरकुरली, तेव्हा त्यांनी तिला धीरच दिला, "पडू दे वं, पोट साफ होऊन राहिलं." परंतु एके सकाळी भाकरी थापता थापता वंदना परातीवरच कलंडली. तिचे तळहात पांढरेफटक पडले होते. कौसल्याबाईंनी त्या दिवसाचे काम बुडवले आणि तिला दवाखान्यात नेले.

"गाठ केवढी पडते?" डॉक्टरीणबाईंनी विचारले. वंदना लाजून सासूकडे पाहू लागली.

"सांग ना वं! बोराएवढी का लिंबाएवढी?" कौसल्याबाई म्हणाल्या.

"लिंबाएवढी," वंदना पुटपुटली.

डॉक्टरीणबाईंनी समजावले, की रक्तस्राव जोरात असला म्हणजे रक्त बाहेर पडण्याआधीच गोठते. लहानशी गाठ कधीमधी पडली तर घाबरू नये. पण रुपयाच्या नाण्याहून मोठ्या गाठी वारंवार पडत असतील, तर कारण शोधलेच पाहिजे. संप्रेरकांचा बिघाड असेल, थायरॉइड असेल, नाहीतर गर्भाशयात वाढणारा मांसाचा गोळा, म्हणजे फायब्रॉइड. तपासणीत वंदनाला फायब्रॉइडच निघाला, आणि अंगात रक्तही फार कमी भरले. लगेच उपचार सुरू झाले.

दुसऱ्या दिवशी कौसल्याबाईंनी संत्र्यांच्या ढिगापाशी सगळ्यांना सांगितले, की आपला न्याय खोटा आहे.

"परवापर्यंत तर तूच म्हणत होती घाण जाते म्हणून," शेजारी संत्री निवडणाऱ्या प्रयागबाईने टोमणा मारला. "आता काहून पलटली? डॉक्टरीण झाली काय?"

"संत्रं गेलं तर दुसरं येते वं. सून गेली असती, तर तू येणार होती काय माह्या घरी भाकरी थापाले?"

बायका खदखदून हसल्या, पण ऐकून घेतले. चारचौघींत आपलाच शब्द मागे घ्यायला मोठी छाती लागते. ती कौसल्याबाईंजवळ होती.

त्या संध्याकाळी वर्ग सुटताना त्या सतरंजीवरून उठल्या आणि आम्हा सर्वांना हात जोडून म्हणाल्या, "बायांहो, आज घरी गेल्यावर आपापल्या लेकी-सुनांले विचारजा, गाठ केवढी पडते म्हणून."