शिवणीवरचे देश

माझी धाकटी लेक चार वर्षं पृथ्वीगोलांच्या कारखान्यात खोकी बांधत होती. हात संथ, म्हणून तिथे सगळे तिला निवांतबाई म्हणत. घरी मीही कमी बोलले नाही. आज मात्र मला लिहिल्यावाचून राहवत नाही.

गोल बनतो तो असा. छापील नकाशाच्या बारा पट्ट्या खळ लावून एकेक करत चेंडूवर डकवायच्या. ओली पट्टी केसभर ताणली जाते, आणि सगळ्यांचा मिळून ताण शेवटच्या पट्टीच्या वाट्याला येतो. कारखान्याची रीत अशी की सुरुवात अटलांटिकपासून करायची आणि पश्चिमेकडून फिरून यायचं. मग बारावी पट्टी येते ती ऐन आफ्रिकेच्या मधोमध. जागा पुरत नाही, कडा कडेवर चढते आणि शिवणीवरचे चिमुकले देश गडप होतात. एका बाजूला टोगो, दुसऱ्या बाजूला रवांडा आणि बुरुंडी.

एका ग्रंथालयासाठीचे दोन मोठे गोल याच पायी बाद झाले. तिसरा माझ्या लेकीने मागून घेतला. मालकीणबाईंनी बजावलं, "जमलं तर डकवायचं टेबल तुझं. बिघडलं तर खोक्यांचंही काम विसर."

त्या सकाळी ती चष्मा घरीच विसरली. माझा जीव टांगणीला. तो घेऊन तशीच धावत सुटले. दारात पोचले, तर डकवायचं काम बघणाऱ्या मिस्त्रीकाकांचा आवाज चढलेला.

"अगं, ही आफ्रिका! आधी अटलांटिक!"

"काका, आधी देश लावते. ताण नेते पॅसिफिकमध्ये. तिथे नुसतं पाणी आहे."

"म्हणजे तीस वर्षं आम्ही झक मारली?"

"छे हो काका. टोगो मारला."

सगळे हसले. काका सोडून.

खळ लावली की ती पट्टी तशीच ठेवून गप्प उभी राही. कागद हवा तेवढा ताणून झाला की मगच उचले. "उरक की गं बाई," मी दारातच पुटपुटत होते. तिच्या त्या संथपणामुळे एकाही पट्टीला सुरकुती पडली नाही. दुपार कलली तेव्हा पॅसिफिकमधली सर्वांत रिकामी पट्टी उरली होती. ती दोन सुतं, म्हणजे पाव इंच, जास्त भरली. तिने पाणी कापलं आणि कडा जुळवली.

मालकीणबाई आफ्रिकेतल्या देशांची यादी घेऊन हजेरी घ्यायला बसल्या. काका काडीने एकेक देश दाखवत होते. उत्तरेचे झाले, पश्चिमेकडे आले. सेनेगल, गांबिया, घाना...

"टोगो?"

काका वाकले. घाना आणि बेनिनच्या मधे तो सबंध उभा होता, करंगळीच्या नखाएवढा रुंद.

"हजर!" काकाच ओरडले.

रवांडा हजर. बुरुंडी हजर. दक्षिण आफ्रिकेच्या पोटातला लेसोथोही हजर. चोपन्नच्या चोपन्न!

मालकीणबाईंनी डकवायच्या टेबलावर जागा राखायला टाकलेला जुना रुमाल उचलला. "उद्यापासून इथे बस. आणि यापुढे सगळ्यांनीच आफ्रिकेपासून सुरुवात करायची."

मला तेव्हा कुठे हातातला चष्मा आठवला. "अगं, याच्याशिवाय केलंस कसं?"

"आई, जवळचं मला नीट दिसतं. अडतं ते लांबचं."

तिने चष्मा चढवला, चार पावलं मागे सरकली आणि अख्खी आफ्रिका डोळे भरून पाहून घेतली.